घड्याळ पुण्याचे, ऊन इंग्लंडचे

विश्रांतवाडीत राहणाऱ्या माणसाला विमानाचे अप्रूप नसते. लोहगावच्या धावपट्टीकडे जाणारी विमाने आमच्या डोक्यावरूनच जातात. हवाई दलाचे लढाऊ विमान उडाले की रुग्णाच्या छातीवर टेकवलेला स्टेथोस्कोप मला क्षणभर उचलून घ्यावा लागतो, कारण त्या गडगडाटात हृदयाचे ठोके ऐकू येणे शक्यच नसते. रुग्णही शहाणे झाले आहेत. आवाज सुरू झाला की आपली तक्रार अर्ध्यावर थांबवतात आणि तो ओसरला की त्याच शब्दापासून पुढे सांगू लागतात. माझी आई तर संध्याकाळी गच्चीत बसून विमाने मोजते. असे असूनही इंग्लंडला जायचे म्हणजे आम्हाला घाट उतरून मुंबई गाठावी लागली, याचे तिला फार नवल वाटले. "दारावरून एवढी विमानं जातात, आणि आपल्याला गाडीनं मुंबई?" हा प्रश्न तिने खंडाळ्यापर्यंत तीन वेळा विचारला.

आई ७८ वर्षांची. मधुमेह वीस वर्षांचा, रक्तदाब त्याहून जुना, उजवा गुडघा बदललेला. वडील गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. माझा धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये रेडिंग या गावी दहा वर्षे नोकरी करतो. दर वर्षी तो आईला बोलावी आणि दर वर्षी काही ना काही आडवे येई. अखेर जून २०२४ मध्ये जायचे ठरले. आई, मी आणि महाविद्यालयात शिकणारी माझी लेक, अशा तीन पिढ्यांच्या तिघी निघालो. आईच्या मनात एकच सल होता. त्या वर्षी माउलींची पालखी २९ जूनला आळंदीहून निघणार होती आणि ३० तारखेला आमच्या रस्त्यावरून पुण्यात जाणार होती. लग्न होऊन या भागात आल्यापासून आईने पालखीचे दर्शन एकदाही चुकवलेले नव्हते. वारकऱ्यांना पाणी आणि राजगिऱ्याचे लाडू देणे हा तिचा नेम.

प्रवासाची तयारी मी डॉक्टर म्हणून केली, असे मला तेव्हा वाटत होते. वाचकांपैकी अनेकांची मुले परदेशी आहेत, म्हणून काय केले ते थोडक्यात सांगते. सर्व औषधे मूळ वेष्टनात, हातातल्या बॅगेत ठेवली. सामानाच्या कप्प्यात एकही गोळी टाकली नाही, कारण सामान हरवले तर पहिल्याच दिवशी अडचण होते. (इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर ते हातातच ठेवावे, खालच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते.) औषधांची रासायनिक नावे लिहिलेली चिठ्ठी सोबत घेतली, कारण आपल्याकडची कंपन्यांनी दिलेली नावे तिकडच्या औषधविक्रेत्याला कळत नाहीत. प्रवासविमा काढताना मधुमेह आणि रक्तदाब यांचा स्पष्ट उल्लेख केला. तो लपवला तर हप्ता कमी बसतो, पण गरजेच्या वेळी कंपनी हात वर करते. विमानतळावरच्या व्हीलचेअरसाठी आधी नाव नोंदवले. आईला हे मुळीच मान्य नव्हते. "मी काय पांगळी आहे?" असे ती म्हणाली. मुंबईच्या विमानतळाचे अंतर पाहिल्यावर मात्र ती काही न बोलता खुर्चीत बसली आणि पुढे लंडनला आपणहून खुर्ची मागितली.

विमान रात्री दोनला सुटले. साडेनऊ तासांचा प्रवास. केबिनमधला हवेचा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका असतो, म्हणजे आपण महाबळेश्वराहूनही बऱ्याच उंच जागी रात्रभर बसलेले असतो. हवा कोरडी ठक्क. म्हाताऱ्या माणसांना तहानेची जाणीव मुळातच कमी असते, त्यात शौचालयाला वारंवार उठावे लागू नये म्हणून ती पाणी टाळतात. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून प्रवास केला की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून आईला पायात घट्ट मोजे चढवले होते आणि दर दोन तासांनी मी तिला उठवून मधल्या वाटेने फिरवून आणत होते. ती अर्धवट झोपेत पुटपुटत चाले. एका फेरीत तिने खिडकीतून खाली पाहिले आणि विचारले, "आत्ता आपण कुणाच्या गच्चीवरून चाललोय?"

सकाळी सातला हीथ्रोवर उतरलो. भारतीय वेळेप्रमाणे साडेअकरा वाजले होते. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तासांनी मागे असते, हिवाळ्यात साडेपाच. माझ्या लेकीच्या फोनने आपली वेळ आपणच बदलून घेतली, मी माझे घड्याळ मागे केले. आईने मात्र मनगट मागे घेतले. "माझं राहू दे पुण्याचंच. तिकडं किती वाजले हे मला कळायला हवं." हे घड्याळ वडिलांनी दिलेले होते. मी हट्ट केला नाही. तो करायला हवा होता.

पारपत्र तपासणाऱ्या अधिकारी बाईंनी आईकडे पाहून विचारले, कुणाकडे आलात? लेकीने भाषांतर केले. आईने उत्तर दिले, "धाकट्याकडे." एवढे उत्तर पुरेसे आहे अशी तिची पूर्ण खात्री होती. अधिकारी बाईंना ते शब्द कळले नसावेत, पण स्वर कळला असावा. त्या हसल्या आणि शिक्का मारला.

बाहेर आलो आणि पहिली जाणीव झाली ती थंडीची. जूनचा मध्य, आणि हवा बारा अंशांच्या आसपास. पुण्यात जानेवारीच्या पहाटे असते तशी. दुसरी जाणीव शांततेची. रस्त्यावर शेकडो मोटारी आणि कर्णा एकही नाही. भावाच्या गाडीत बसल्यावर अर्ध्या तासाने आई म्हणाली, "मला आज चांगलं ऐकू येतंय." आम्ही हसलो. पण ते खरे होते, आणि मला ते आधी कळायला हवे होते. वयोमानाने ऐकू कमी येते तेव्हा खरी अडचण असते ती गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्याची. विश्रांतवाडीत आईशी बोलताना आम्ही सगळे ओरडतो आणि ती चिडते. तिचे श्रवणयंत्र कपाटात पडून असते, कारण ते बोलण्याबरोबर रिक्षांचे आवाजही मोठे करते. त्या गाडीत मात्र मागच्या आसनावरून लेक हळू आवाजात बोलत होती आणि आजी वळून उत्तर देत होती.

भावाचे घर लाल विटांचे, दोन मजली, दोन्ही बाजूंच्या घरांना चिकटलेले. पुढे हातभर बाग. आत पाऊल टाकताच डॉक्टरची नजर जागी झाली. अरुंद, चढा जिना आणि त्यावर गुबगुबीत गालिचा. शौचालय वरच्या मजल्यावर. स्नानगृहात टब, आणि त्याची कड ओलांडून आत उभे राहायचे, धरायला काही नाही. गुडघा बदललेल्या माणसाला हे म्हणजे रोज सकाळी कुंपण ओलांडणे. स्नानगृहाच्या जमिनीला पाणी जायला मोरीच नाही, त्यामुळे बादली आणि तांब्या घेऊन बसायची सोयही नाही. भावाने मात्र आधीच विचार करून टबात रबरी चटई अंथरली होती, भिंतीला दांडा बसवला होता आणि टबावर आडवी ठेवायची फळी आणली होती. फळीवर बसायचे, पाय आत फिरवायचे आणि बसूनच हातातल्या फवाऱ्याने अंघोळ करायची. अशी फळी पुण्यातही मिळते. परत आल्यावर मी तीन रुग्णांना घ्यायला लावली. शौचालयात एक प्लास्टिकचा मगही ठेवलेला होता. तो पाहून आईचा जीव भांड्यात पडला.

आता जे घडले ते सांगते.

दुपारी जेवून मी आडवी झाले आणि मेल्यासारखी झोपले. हीच पहिली चूक. रात्रभर जागरण झाल्यावर परदेशात पहिल्या दिवशी उजेडात जागे राहायचे असते, हे मी रुग्णांना सांगत आले आहे. आई जागी होती. तिच्या मनगटावर साडेसात वाजले, म्हणजे तिथले तीन. साडेसात ही तिच्या संध्याकाळच्या मधुमेहाच्या गोळीची वेळ. तिने भावाला सांगितले, "माझ्या गोळीची वेळ झाली." त्याने बॅगेतल्या पाकिटातून गोळी काढून दिली, वर वाटीभर दहीभात भरवला. आपल्या हाताने आईला गोळी दिली याचेच त्याला अप्रूप. मला उठवायचे त्याच्या जिवावर आले, आणि मी उठल्यावर सांगायचे राहून गेले.

रात्री आठ वाजता मी जेवणाआधीची गोळी आठवड्याच्या डबीतून काढून आईपुढे धरली. ती म्हणाली, "घेतली वाटतं मी." मी डबीकडे पाहिले. संध्याकाळचा कप्पा भरलेला होता, म्हणजे घेतलेली नाही. "नाही गं, ती सकाळची," असे म्हणून मी गोळी दिली. रोज दवाखान्यात नातेवाइकांना बजावते की म्हातारी माणसे 'वाटतं' म्हणाली की थांबा, चौकशी करा. स्वतःच्या आईबाबत मी थांबले नाही.

त्यातून ती जेवली दोन घास. कारण आठ वाजता बाहेर लख्ख ऊन होते. पुण्यातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. रेडिंगचा साडेसोळा तासांहून थोडा अधिकच. जूनमध्ये तिथे सूर्य साडेनऊच्या आसपास मावळतो आणि दहानंतरही आकाशात उजेड रेंगाळतो. आईचे सगळे आयुष्य दिवेलागणीला बांधलेले. दिवा लावायचा, हात जोडायचे, मग स्वयंपाकाला लागायचे. "ऊन असताना रात्रीचं जेवण कसलं?" असे म्हणून ती खिडकीशी बसून राहिली. तिन्हीसांज व्हायची वाट पाहत. ती झाली तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते, देवापुढे दिवा लागला आणि ती न जेवता झोपली.

रात्री दीडला लेकीने मला हलवले. "आई, आजी काहीतरी बडबडतेय." आईचे अंग घामाने निथळत होते, हात थरथरत होते आणि ती मला वडिलांच्या बहिणीच्या नावाने हाक मारत होती. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४६. शुद्ध होती, गिळता येत होते. चार चमचे साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून दिली आणि पंधरा मिनिटे घड्याळाकडे पाहत बसलो. ६८. पुन्हा साखर. ९२. मग दूध आणि पाव. आई भानावर आली आणि पहिला प्रश्न केला, "एवढा उजेड का लावलाय?" तेव्हा जिन्यात उभ्या असलेल्या भावाने दुपारच्या गोळीचे सांगितले.

वाचकहो, घरी साखर वर आली म्हणजे प्रश्न मिटला असे या गोळ्यांच्या बाबतीत नसते. आई घेते ती ग्लिमेपिराइड. या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडतात आणि त्यांचा परिणाम चोवीस तास टिकू शकतो. वय झालेल्या माणसाच्या शरीरात तर त्याहून अधिक. साखर वर येते आणि पुन्हा घसरते. म्हणून मी भावाला १११ लावायला सांगितला. इंग्लंडमध्ये जिवावरच्या प्रसंगी ९९९ आणि तातडीच्या सल्ल्यासाठी १११ हा क्रमांक आहे. त्यांनी सगळे विचारले आणि रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यायला सांगितले. अडीच वाजता आम्ही तिथे होतो.

तिथे एक गंमतीची, पण घाबरवणारी गोष्ट घडली. पहाटे चारच्या सुमारास परिचारिकेने बोट टोचून सांगितले, "तीन पूर्णांक पाच." भावाचा चेहरा पांढरा पडला. त्याला वाटले साखर पार संपली. इंग्लंडमध्ये रक्तशर्करा वेगळ्या मापात मोजतात. त्यांच्या आकड्याला अठराने गुणले की आपला आकडा येतो. तीन पूर्णांक पाच म्हणजे आपले ६३. कमी होती, पण भावाला वाटली तशी नव्हती. तिथे चारच्या खाली म्हणजे धोका, आपल्याकडे सत्तरच्या खाली. परदेशी मुले फोनवर आईवडिलांची साखर विचारतात तेव्हा हा गुणाकार दोन्ही बाजूंच्या माणसांना ठाऊक असावा.

ती परिचारिका केरळची होती. सुरुवातीलाच तिने आईला विचारले, तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू? तिथे ही रीतच आहे. आईला प्रश्न कळायला वेळ लागला; तिला आजवर कोणत्याही रुग्णालयात हे कुणी विचारले नव्हते. मग ती म्हणाली, "आजी." दुपारपर्यंत त्या कक्षात सगळे तिला आजी म्हणत होते, जो तो आपापल्या उच्चाराप्रमाणे. दर तासाला साखर तपासली, मध्ये एकदा ग्लुकोजचे द्रावण पाजले, आणि बारा वाजता घरी सोडले. तातडीच्या विभागातील उपचार तिथे पाहुण्यांनाही विनामूल्य आहेत, पण रुग्णाला दाखल करून घेतले की परदेशी पाहुण्याला तिथल्या ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते. आईला दाखल करावे लागले नाही म्हणून आम्ही वाचलो. विमा कशासाठी असतो ते भावाला त्या दिवशी कळले.

घरी परतताना गाडीत कुणी बोलत नव्हते. भाऊ एकदा म्हणाला, "ताई, माझं चुकलं." मी म्हटले, "दोघांचं." पण मनात आले ते लिहितेच: गेली सात वर्षे हिच्या गोळ्या मी देते, तू एकदा दिलीस आणि हे झाले. मग स्वतःचीच लाज वाटली. डबीतली गोळी तर मीच दिली होती. आई मागच्या आसनावरून म्हणाली, "दोघांनी प्रेमानं एकेक दिली. पुढच्या वेळी एकानंच प्रेम करा."

त्या संध्याकाळी मी एक वही केली. तिथल्या घड्याळाप्रमाणे सगळ्या वेळा लिहिल्या आणि प्रत्येक गोळीपुढे देणाऱ्याची सही. गोळ्या देणारा माणूस एका दिवशी एकच. बाकीची औषधे भावजयीने आपल्या कपाटात कुलूपबंद केली. रात्रीचे जेवण साडेसातला, पडदे ओढून आणि दिवा लावून. देव्हाऱ्यातल्या दिव्याला सूर्यास्ताची वाट पाहायची गरज नाही, हे आईला पटवायला दोन दिवस लागले. "देवाला काय, त्याच्याकडं दोन्हीकडची घड्याळं," असे शेवटी तिनेच ठरवले. मनगटावरचे घड्याळ मात्र पुण्याचेच राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी आई घरात नव्हती. दार नुसते लोटलेले. माझ्या पोटात गोळा आला. लेक आणि मी धावत बाहेर गेलो तर रस्त्याच्या पलीकडच्या बाकावर आई बसलेली. मधला रस्ता चांगला रुंद, दोन्हीकडून गाड्या.

"कशी आलीस गं इकडे?"

"चालत. त्या पट्ट्यांवर पाय ठेवला, गाड्या थांबल्या."

तिचा आवाज अगदी साधा होता, आणि मला मात्र काय बोलावे ते सुचेना. विश्रांतवाडीत आळंदी रस्ता आईने एकटीने ओलांडलेला मला आठवत नाही. निदान पाच वर्षे तरी नाही. २०१५ मध्ये संगमवाडी ते विश्रांतवाडी जलद बससेवा सुरू झाली तेव्हा तिला कोण आनंद झाला होता, पण थांबा रस्त्याच्या मधोमध, आणि तिथवर पोचायचे कसे? भाजी, देऊळ, मैत्रिणी असे तिचे सारे पलीकडे. ते हळूहळू सुटत गेले. मी समजत होते की तिचा गुडघा तिला जाऊ देत नाही. गुडघा तोच होता. रस्ता बदलला होता.

मग मी इंग्लंड पाहिले ते आईच्या पायाच्या उंचीवरून. झेब्रा पट्ट्यांच्या दोन टोकांना काळ्यापांढऱ्या खांबावर पिवळे गोळे लुकलुकत असतात. सिग्नलच्या ठिकाणी बटण दाबायच्या डबीखाली एक छोटा शंकू असतो. चालणाऱ्यांसाठी हिरवा दिवा लागला की तो फिरू लागतो, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला बोटांनी कळावे. चौकात पदपथ रस्त्याच्या पातळीला उतरवलेला, त्यामुळे पाऊल उचलावे लागत नाही. ठिकठिकाणी बाक, आणि पुष्कळ बाकांवर कुणा दिवंगताच्या नावाची पट्टी. बस थांब्यावर येऊन पदपथाकडे झुकते, वाकलेल्या उंटासारखी. रेडिंगच्या बसगाड्यांना मार्गाप्रमाणे वेगवेगळे रंग आहेत, त्यामुळे आईला इंग्रजी पाटी वाचावी लागत नसे. तिकीट त्या वर्षी कुठेही जा, दोन पौंड. दुसऱ्या आठवड्यात ती एकटी बसने बाजारात जाऊन केळी घेऊन आली. केळ्यांच्या भावावरून घरी जे ऐकवले ते वेगळे.

सगळेच गोड होते असे नाही. शेजारी भेटला की हसे, हवेविषयी एक वाक्य बोले आणि दार लावून घेई. दुपारी त्या रस्त्यावर कुणी दिसत नसे. सार्वत्रिक निवडणूक ४ जुलैला होती, तरी प्रचार असा काही जाणवला नाही; खिडक्यांत चारदोन कागद चिकटवलेले. मे महिन्यात पुण्यात मतदान झाले त्याचे कर्णे आईच्या कानांत अजून घुमत होते. "ही माणसं एकमेकांशी भांडतात तरी कधी?" असे ती विचारी. त्या शांततेत तिला ऐकू चांगले येत होते, पण ऐकायला फारसे कुणी नव्हते.

एका रविवारी भावाने गाडीतून वाँटेजला नेले. रेडिंगहून तासाभराच्या आत येते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन याच गावातल्या जोगिणींच्या मठात येऊन राहिल्या होत्या. त्या आल्या होत्या वैद्यकी शिकायला, पण ऐकू कमी येत असल्याने ते शिक्षण त्यांना घेता आले नाही. त्यांच्याबरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांचा त्याच वर्षी तिथेच अंत झाला. रमाबाईंनी आपला प्रवास मराठीत लिहून पाठवला, तो 'इंग्लंडचा प्रवास' म्हणून छापला गेला. मी हे सारे आईला सांगत होते. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "ऐकू येत नव्हतं, आणि लहान पोर कडेवर. त्या घरात तिच्याशी मराठीत कोण बोललं असेल, ती मैत्रीण गेल्यावर?"

३० जूनला आमच्याकडे दुपार आणि तिथे सकाळ असताना शेजारच्या सूनबाईंनी विश्रांतवाडीहून फोन लावला आणि चित्र दाखवले. टाळमृदंगाचा गजर त्या लहानशा स्वयंपाकघरात भरून गेला. फुलांनी लगडलेला रथ पुढे सरकत होता, माणसांच्या डोक्यांपलीकडे रस्ता दिसत नव्हता. आईने ओट्याला हात टेकून नमस्कार केला. लाडूंचे पैसे तिने निघण्यापूर्वीच सूनबाईंकडे देऊन ठेवले होते, हे मला तेव्हा कळले. फोन बंद झाल्यावर ती घड्याळाकडे पाहून म्हणाली, "वेळेवर आले."

निघायच्या दोन दिवस आधी भाऊ म्हणाला, "ताई, आईला सहा महिन्यांचा व्हिसा आहे. राहू दे तिला. तूही थकली आहेस." हे शेवटचे वाक्य मला लागले. ते खरे होते म्हणून लागले. गेल्या सात वर्षांत मी एकदाही सलग आठ तास निर्धास्त झोपलेली नाही, आणि हे कुणाला सांगितलेलेही नाही. आईला सांभाळणाऱ्याने थकल्याचे बोलू नये अशी आपल्याकडे रीत आहे. मी डॉक्टरची कारणे पुढे केली: ऑक्टोबरनंतर दिवस झपाट्याने लहान होतो, डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, ऊन नाही म्हणून तिथले सरकारच हिवाळ्यात सर्वांना ड जीवनसत्त्व घ्यायला सांगते, तुम्ही दोघे कामावर, ही दिवसभर एकटी, पडली झडली तर खर्च. भाऊ ऐकत होता. भावजयीने मध्येच विचारले, "पण आईंना विचारलं का?"

नव्हते विचारले. आम्ही दोघे तिच्याविषयी तिच्यासमोरच बोलत होतो, आणि त्या शांत घरात तिला एकेक शब्द ऐकू येत होता.

"हिवाळ्याला मी नाही राहायची," आई म्हणाली. "गणपतीला घरी. तोवर इथं राहते. मला रोज रस्ता ओलांडायचाय."

गणेशचतुर्थी त्या वर्षी ७ सप्टेंबरला होती. म्हणजे दोन महिने. मी भावाला वही समजावून सांगितली. ग्लिमेपिराइड बंद करून, साखर एकदम न घसरवणारी दुसरी गोळी सुरू करायचे मी पुण्याच्या तज्ज्ञांशी फोनवर बोलून ठरवले. हा बदल खरे तर प्रवासाआधीच व्हायला हवा होता. आईने मला दारातूनच निरोप दिला. विमानतळावर यायला नको म्हणाली.

विश्रांतवाडीला पोचले तेव्हा पाऊस पडत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जाण्यासाठी चौकात उभी राहिले. आळंदी रस्ता ओलांडायला मला किती वेळ लागतो ते त्या दिवशी प्रथमच मोजले: चार मिनिटे. माझ्या शेजारी पिशवी धरून एक आजोबा उभे होते. त्यांना मी हात दिला. पलीकडे पोचल्यावर ते म्हणाले, "आता परत येताना बघू."

रात्री साडेनऊला आईचा फोन आला. तिच्या मागे खिडकीत ऊन होते. गोळी घेतली का, असे मी विचारणार तोच तिने वहीचे पान कॅमेऱ्यापुढे धरले. भावजयीची सही होती. मग म्हणाली, "तुझ्याकडे किती वाजले?"

"तुझ्या घड्याळात बघ की."

"ते मी आज इथलं करून घेतलं. बस चुकत होती. तू सांग, किती वाजले? आणि जेवलीस का?"